जुन्या घराच्या खिडक्या भक्कम करताना

जुन्या घरांतल्या खिडक्यांच्या नाना तऱ्हा आहेत. वाड्याच्या जाड भिंतीत सागवानी चौकट आणि तिच्यात ओवलेले उभे गज असतात. चाळीत सामाईक गॅलरीकडे उघडणारी दोन पल्ल्यांची खिडकी असते. १९३०-४० च्या सुमारास बांधलेल्या मुंबईच्या इमारतींत पोलादी पट्ट्यांच्या खिडक्या दिसतात, तर नंतरच्या सोसायट्यांमध्ये ॲल्युमिनियमच्या सरकत्या. प्रत्येकीची रचना वेगळी आणि कच्ची जागाही वेगळी. तरी एक नियम सगळ्यांना सारखा लागू पडतो: खिडकीची ताकद तिच्या सर्वांत कमजोर सांध्याइतकीच असते. कुजलेल्या चौकटीवर बसवलेले जाडजूड ग्रिल चौकटीच्या तुकड्यासकट निघून येते. पाऊण इंची स्क्रूवर लटकलेली महागडी कडी एका हिसक्यात उपटते. म्हणून पैसे कशावर खर्च करायचे हे ठरवण्याआधी खिडकी कुठे हार मानेल, हे शोधावे लागते.

त्यासाठी जुनी खिडकी काढून टाकण्याची गरज सहसा नसते. पक्क्या सागाची चौकट योग्य निगा राखली तर पिढ्यान्‌पिढ्या टिकते. झिजतात ते सांधे. स्क्रू सैल होतात, चौकटीचा तळ पाणी पितो, काच धरून ठेवणारी लांबी सुकून गळते, गजांची टोके गंजतात. हे सांधे एकेक करून पक्के केले, तर तीच खिडकी पुष्कळ नव्या तयार खिडक्यांपेक्षा भक्कम ठरते.

खिडकीतून चोरी कशी होते

खिडकीशी संबंधित चोऱ्यांचे ढोबळमानाने चार प्रकार पडतात. पहिला प्रकार उघड्या खिडकीचा. उन्हाळ्यात रात्री खिडक्या उघड्या ठेवून झोपणे ही आपल्याकडची जुनी सवय. गजांना हात न लावता बाहेरूनच आकडा बांधलेली काठी आत सारून मोबाइल, पर्स किंवा खुंटीवरची पँट ओढून घेतली जाते. दुसरा प्रकार दाराशेजारच्या खिडकीचा. चाळीत आणि बैठ्या घरांत मुख्य दार आणि खिडकी हातभर अंतरावर असतात. गजांमधून हात घालून दाराची आतली कडी काढता आली, की दाराच्या कुलपाला काही अर्थ उरत नाही.

तिसरा प्रकार पल्ला किंवा ग्रिल उचकटण्याचा. कटावणी, मोठा पेचकस किंवा पहार सांध्यात घालून कडी उपटली जाते, ग्रिलचे स्क्रू काढले जातात, गज वाकवले किंवा कापले जातात. चौथा प्रकार आडवाटांचा. न्हाणीघराची काचपट्ट्यांची खिडकी, एक्झॉस्ट पंख्याचे भोक, खिडकीतला एसी काढल्यावर प्लायवूड ठोकून बंद केलेली जागा या वाटांकडे घरातल्या माणसांचे सहसा लक्ष नसते. काच फोडून आत शिरणे हा मार्गही आहेच. मात्र काच फुटल्याचा आवाज दूरवर जातो, म्हणून शेजार जागा असेल तिथे चोर तो टाळण्याची शक्यता अधिक.

कायदाही खिडकीची वाट गंभीरपणे घेतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ नुसार, अतिक्रमण करणाऱ्याने शरीराचा कोणताही भाग घरात घातला तरी ते गृह-अतिक्रमण ठरण्यास पुरेसे आहे. खिडकीतून आत आलेला हातसुद्धा त्यात येतो. माणसांच्या ये-जा करण्यासाठी नसलेल्या वाटेने किंवा भिंतीवर चढून मिळवलेल्या वाटेने केलेला असा प्रवेश कलम ३३० नुसार घरफोडीत मोडतो.

मोजमाप वेळेचे

पुरेशी हत्यारे आणि पुरेसा वेळ मिळाला तर कोणतीही खिडकी फुटते. संरक्षणाचा हेतू असतो चोराचा वेळ खाणे, त्याला आवाज करायला लावणे आणि त्याला उजेडात उभे करणे. युरोपात खिडक्या-दारांची पारख याच पायावर होते. ईएन १६२७ या मानकात आरसी १ ते आरसी ६ अशा सहा श्रेणी आहेत. आरसी २ श्रेणीच्या खिडकीने पेचकस, पक्कड, पाचर अशा साध्या हत्यारांसमोर तीन मिनिटे टिकायचे असते. आरसी ३ मध्ये हत्यारांत कटावणीची भर पडते आणि मुदत पाच मिनिटांची होते. तीन मिनिटे हा काळ कागदावर थोडा दिसतो. पण शेजाऱ्याचा दिवा लागेल या भीतीत भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या माणसाला तो फार मोठा असतो.

अशा दारे-खिडक्यांचा उपयोग होतो याला चांगला पुरावा नेदरलँड्समध्ये मिळाला. तिथे १९९९ पासून प्रत्येक नव्या घराला घरफोडीस प्रतिकार करणारी दारे-खिडक्या बसवणे बंधनकारक झाले. बेन व्होलार्ड आणि यान व्हान ऊर्स या अर्थशास्त्रज्ञांनी या बदलाचा अभ्यास केला. त्यांचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. नव्या घरांत घरफोडीचे वार्षिक प्रमाण १.१ टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले होते, म्हणजे सुमारे २६ टक्क्यांनी घटले होते. तिथे ना पहारेकरी वाढवले गेले होते, ना कॅमेरे. बदलली होती ती कड्या, बिजागऱ्या आणि चौकटी यांची प्रत. जुन्या घरांना ही प्रत दुरुस्तीतून मिळवता येते.

आधी पाहणी

पाहणी बाहेरून सुरू करावी. जमिनीवरून, शेजारच्या गच्चीवरून, छज्ज्यावरून, पावसाळी पाइपाला धरून किंवा झाडाच्या फांदीवरून कोणत्या खिडकीपर्यंत पोहोचता येते, हे घराभोवती फिरून पाहावे. तळमजल्याच्या आणि चाळीच्या गॅलरीकडच्या सगळ्या खिडक्या सहज हाताशी येणाऱ्या धराव्यात. वरच्या मजल्यावरची खिडकी उंच आहे म्हणून सुरक्षित मानू नये; तिच्याखाली छज्जा किंवा शेजारून जाणारा सांडपाण्याचा पाइप असेल, तर चढणाऱ्याला तेवढा आधार पुरतो.

त्यानंतर प्रत्येक खिडकी आतून तपासावी. पेचकसाचे टोक चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांत आणि गज शिरतात तिथे दाबून पाहावे. निरोगी सागात ते रुतत नाही. ते सहज चार-पाच मिलिमीटर आत गेले, तर लाकूड कुजले आहे किंवा वाळवीने आतून पोखरले आहे. चौकट दोन्ही हातांनी धरून हलवावी. भिंत आणि चौकट यांच्यामध्ये भेग हलताना दिसली, तर पकड सुटली आहे. प्रत्येक गज फिरवून पाहावा. पल्ला बंद करून कडीच्या बाजूने ढकलावा आणि तो किती खेळतो हे पाहावे. कोणते स्क्रू बाहेरून दिसतात, कोणत्या बिजागरीची खीळ बाहेर आहे, याची नोंद करावी. ही यादी हाताशी असली म्हणजे सुतार आणि वेल्डर यांच्याशी नेमके बोलता येते.

चौकट आणि भिंत

चौकटीचा तळ कुजला असेल तर पूर्ण चौकट काढण्याऐवजी सुतार कुजका भाग निरोगी लाकडापर्यंत कापून तिथे सागाचाच नवा तुकडा तिरक्या जोडाने बसवतो. केवळ भोके बुजवून रंग दिला, तर आतली कूज वाढत राहते आणि नव्या स्क्रूला धरायला काही उरत नाही. वाळवी असेल तर आधी तिचा बंदोबस्त आणि मग जोडकाम, हा क्रम पाळावा.

चौकट भिंतीला धरून ठेवण्याचे काम होल्डफास्ट नावाच्या लोखंडी पट्ट्या करतात. जुन्या कामात त्या गंजून गेलेल्या असतात किंवा मुळातच दोन-चारच घातलेल्या असतात. नवी पकड देताना भिंत कशाची आहे हे महत्त्वाचे ठरते. काँक्रीट किंवा सिमेंटातली पक्की वीट असेल, तर १० मिलिमीटर जाडीचे लांब अँकर फास्टनर चालतात. चुन्यात बांधलेली जुनी वीट, मातीच्या दरजा किंवा कोकणातला मऊ जांभा यांत मात्र हे फास्टनर घात करतात. ते भोकात फुगून पकड घेतात आणि त्या दाबाने ठिसूळ भिंत तडकते. अशा ठिकाणी भिंतीत खोल खाच घेऊन होल्डफास्ट काँक्रीटमध्ये गाडावा किंवा जाळीदार नळीसह केमिकल अँकर वापरावा. तो रसायनाने चिकटून धरतो, भिंतीला फाकवत नाही. चार फूट बाय चार फुटांच्या खिडकीला अशा किमान सहा ते आठ जागी पकड असावी, आणि प्रत्येक पकड भिंतीच्या कडेपासून पुरेशी आत असावी.

गज आणि ग्रिल

उभे गोल गज आणि त्यांना ठराविक अंतरावर छेदून जाणाऱ्या आडव्या लोखंडी पट्ट्या ही जुन्या खिडकीची रचना अत्यंत समंजस आहे. गजाची वाकण्याला विरोध करण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. १० मिलिमीटरऐवजी १२ मिलिमीटरचा गज घेतला की ती सुमारे १.७ पट होते; १२ ऐवजी १६ मिलिमीटरचा घेतला की जवळजवळ २.४ पट. आडव्या पट्ट्यांचा परिणाम याहून मोठा आहे. गज मध्यभागी किती वाकतो हे त्याच्या मोकळ्या लांबीच्या घनावर अवलंबून असते. ती लांबी निम्मी केली, तर तेवढ्याच जोराने गज केवळ एक अष्टमांश वाकतो. दोन गजांच्या मध्ये जॅक लावून ते फाकवण्याची चोरांची युक्ती लांब, मोकळ्या गजांवरच चालते. म्हणून जुन्या गजांना साधारण दीड फुटाच्या अंतराने १० किंवा १२ मिलिमीटर जाडीच्या दोन-तीन आडव्या पट्ट्या प्रत्येक छेदावर वेल्ड करून घेणे हा कमी खर्चातला सर्वांत गुणकारी उपाय आहे. गज पातळ असले तरी त्याचा फायदा होतो.

दोन गजांमधली मोकळी जागा १०० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे चार इंचांपेक्षा जास्त नसावी. जिथून डोके जाते तिथून किरकोळ शरीराचा माणूस किंवा लहान मूलही जाऊ शकते, आणि लहान मुलांना अशा कामासाठी वापरल्याची उदाहरणे पोलिसांना नवी नाहीत. पण चार इंचांतून हात जातोच. दाराशेजारच्या खिडकीला आणि रात्री उघड्या राहणाऱ्या खिडकीला आतून वेल्डेड जाळी लावावी. तीन मिलिमीटर तारेची, एक इंच चौकोनांची जाळी हात आणि काठी दोन्ही अडवते. डासांची नायलॉनची जाळी ब्लेडने कापली जाते; ती या कामाची नाही.

ग्रिल कसे जडवले आहे यावर अर्धी लढाई ठरते. लाकडी चौकटीवर बाहेरून साध्या स्क्रूंनी बसवलेले ग्रिल पेचकस घेऊन आलेल्या माणसाला काही मिनिटांत काढता येते. त्यापेक्षा चौकटीतून आरपार जाणारे बोल्ट घालावेत. त्यांची गोल गुळगुळीत डोकी बाहेर आणि नट आत राहतील असे पाहावे. ते जमत नसेल तर बाहेरच्या स्क्रूंच्या खाचा वेल्डिंगने किंवा ड्रिलने नष्ट कराव्यात. ग्रिल आतल्या बाजूने बसवणे सर्वांत चांगले; मग चोराला आधी पल्ला किंवा काच पार करावी लागते आणि ग्रिलच्या सांध्यांपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. सरळ भिंतीच्या गाभ्यात गाडलेले ग्रिल चौकटीवरच्या ग्रिलपेक्षा केव्हाही सरस. नक्षीदार ग्रिलमध्ये पातळ पट्ट्यांची वळणे फक्त एका ठिपक्याच्या वेल्डवर धरलेली असतात. ती शोभेसाठी ठेवायला हरकत नाही, पण मागे सरळ गजांचा सांगाडा हवा.

गंज हा गजांचा सावकाश काम करणारा शत्रू आहे. गज खिडकीच्या कट्ट्यात जिथे शिरतो तिथे पावसाचे पाणी साचते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे भोवतालचा दगड किंवा गिलावा फुटतो आणि गज सुटा होतो. तिथली पपडी खरवडून, रेड ऑक्साइड प्रायमरचा हात देऊन वर ऑइलपेंटचे दोन हात द्यावेत आणि कट्ट्याला बाहेर उतार ठेवावा. समुद्रकाठी जस्ताचा गरम मुलामा दिलेले लोखंड किंवा ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टील घ्यावे. ३०४ दर्जाच्या स्टीलवर खाऱ्या हवेत तांबूस डाग आणि बारीक खड्डे पडू लागतात.

पल्ले, बिजागऱ्या आणि कड्या

बाहेर उघडणाऱ्या पल्ल्यांच्या बिजागऱ्यांची खीळ बहुधा बाहेर असते. ती ठोकून काढली की बंद कडीसकट पल्ला दुसऱ्या बाजूने निघतो. यावर साधा तोडगा आहे. पल्ल्याच्या बिजागरीकडच्या कडेत आठ-दहा मिलिमीटर जाडीची पोलादी खुंटी अर्धी बाहेर राहील अशी बसवावी आणि चौकटीत तिच्यासाठी भोक घ्यावे. पल्ला मिटला की खुंटी भोकात जाते. खीळ निघाली तरी पल्ला जागचा हलत नाही. प्रत्येक पल्ल्याला अशा दोन खुंट्या पुरतात. खिळेचे टोक ठोकून पसरवले किंवा वेल्ड केले तरी काम भागते.

स्क्रूंची लांबी ही वरवर क्षुल्लक दिसणारी पण निर्णायक गोष्ट आहे. बिजागऱ्या आणि कड्या बहुतेक वेळा पाऊण किंवा एक इंची स्क्रूंवर बसवलेल्या असतात. चौकटीच्या बाजूला ते दोन ते अडीच इंची घातले, तर कटावणीच्या पहिल्या हिसक्याला ते उपटत नाहीत. जुनी भोके मोठी झाली असतील तर त्यांत लाकडाची खुंटी गोंद लावून ठोकावी आणि मग नवा स्क्रू फिरवावा.

कड्या वर आणि खाली अशा दोन्ही जागी हव्यात. एकाच मधल्या कडीवर बंद होणाऱ्या पल्ल्याचे कोपरे वाकवून फट करता येते. आठ-दहा इंची पोलादी कडीचा दांडा चौकटीत किमान पाऊण इंच शिरावा आणि त्या भोकावर लोखंडी पट्टी असावी. फटीतून तार घालून कडी सरकवता येऊ नये म्हणून दांड्यात आडवे भोक पाडून खीळ अडकवण्याची सोय करावी. दोन पल्ल्यांच्या मधल्या सांध्यावर बाहेरून लाकडी किंवा लोखंडी पट्टी बसवली की पेचकस आत घालायला जागा राहत नाही. शेवटी वाड्यांच्या दिंडीदरवाजाला असे तसा अडसर खिडकीलाही देता येतो. दोन्ही बाजूंच्या भिंतीत किंवा चौकटीत पक्के कोयंडे बसवून त्यांत आडवी लोखंडी पट्टी अडकवली, की दोन्ही पल्ल्यांवरचा दाब थेट भिंतीवर जातो. गावी जाताना बंद राहणाऱ्या खिडक्यांसाठी हा उपाय फार विश्वासाचा आहे.

काच

जुन्या तावदानांत तीन-चार मिलिमीटरची साधी काच असते. ती धारदार तुकड्यांत फुटते आणि हात घालायला लगेच वाट होते. टफन्ड काच साध्या काचेच्या चार-पाच पट बळकट असते, पण टोकदार वस्तूचा घाव बसला की पूर्ण तावदानाचा बारीक चुरा होऊन पडतो. जखमा टळतात, चोर मात्र अडत नाही. घरफोडीसाठी उपयोगी पडते ती लॅमिनेटेड काच. दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या चिवट प्लास्टिकचा पापुद्रा दाबून बसवलेला असतो. काचा तडकल्या तरी तुकडे पापुद्र्याला चिकटून राहतात आणि आरपार भोक पाडण्यासाठी एकाच जागी पुन्हा पुन्हा घाव घालावे लागतात. फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांनी १९०९ मध्ये अशा काचेचे पेटंट घेतले. मोटारीच्या पुढच्या काचेत आज तेच तत्त्व वापरले जाते.

पापुद्रा ०.३८ मिलिमीटरच्या पटीत जाड मिळतो. ०.३८ चा पापुद्रा काचेचे तुकडे धरून ठेवतो, पण चोरापासून बचावासाठी तो अपुरा आहे, १.५२ मिलिमीटरचा खरा प्रतिकार देतो. युरोपातल्या ईएन ३५६ मानकात ४.११ किलो वजनाचा पोलादी गोळा काचेवर टाकून तिची परीक्षा घेतली जाते. पी४ए श्रेणीच्या काचेने नऊ मीटर उंचीवरून पडणारे तीन गोळे आरपार जाऊ न देता झेलायचे असतात.

काच बदलताना वजनाचा हिशेब करावा. काचेचे वजन दर मिलिमीटर जाडीला दर चौरस मीटरमागे अडीच किलो असते. चार मिलिमीटरच्या जागी आठ मिलिमीटरची काच आली की दहा किलोंचे वीस किलो होतात, आणि दोन जुन्या बिजागऱ्यांवरचा पल्ला लोंबू लागतो. प्रत्येक पल्ल्याला तिसरी बिजागरी द्यावी. तावदानाची खाचही खोल करावी लागते. काच बाहेरून लांबीने बसवलेली असेल तर सुकलेली लांबी खरवडून काच काढता येते. म्हणून नवी काच बसवताना तिला धरणाऱ्या लाकडी पट्ट्या आतल्या बाजूला घ्याव्यात.

काच बदलणे शक्य नसेल तर आतून सुरक्षा फिल्म चिकटवता येते. सुमारे २०० मायक्रॉन जाडीची फिल्म तुटलेली काच धरून ठेवते. मात्र ती फक्त दिसणाऱ्या काचेपुरती लावली तर तडकलेले तावदान अख्खेच्या अख्खे आत ढकलता येते. फिल्मच्या कडा पल्ल्याच्या लाकडाला खास गोंदाने किंवा पट्टीने जखडायला हव्यात.

सरकत्या आणि पोलादी खिडक्या, आडवाटा

ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीचा दोष तिच्या सोयीतच दडलेला आहे. पल्ला बसवताना तो वरच्या खाचेत उचलून मग खालच्या रुळावर ठेवतात, आणि काढतानाही तसाच उचलतात. बंद पल्ल्यावरच्या मोकळ्या जागेत ठोकळा किंवा स्क्रू बसवला की तो उचलता येत नाही. खालच्या रुळात पल्ल्याच्या मागे मापाचा दांडा ठेवला की छोटे कुलूप मोडले तरी पल्ला सरकत नाही. या दोन्ही उपायांना खर्च जवळजवळ नाही. पातळ सेक्शनची खिडकी मात्र मुळातच लवचीक असते. तळमजल्यावर तिच्या जोडीला ग्रिल हवेच.

जुन्या पोलादी खिडक्यांची चौकट मजबूत असते, पण गंजाने सांध्यांत पापुद्रे धरतात, पल्ला पूर्ण मिटत नाही आणि मूठ खाचेत नीट बसत नाही. गंज काढून, वाकलेला भाग सरळ करून, मूठ बदलून आणि चौकटीत बोल्ट बसवून अशी खिडकी पुन्हा उभी राहते.

न्हाणीघराच्या खिडकीतल्या काचपट्ट्या ॲल्युमिनियमच्या पातळ चिमट्यांत नुसत्या सरकवलेल्या असतात. त्या एकेक करून बाहेर काढल्या की आवाजही होत नाही. इथे आतून भिंतीत गाडलेले गज हाच उपाय. एसी काढलेल्या जागा विटांनी बांधून बंद कराव्यात किंवा तिथे गज घालावेत, आणि एक्झॉस्ट पंख्याच्या भोकात दोन आडवे गज बसवावेत.

बाहेर पडण्याची वाट

चोराला अडवणारी खिडकी आगीच्या वेळी घरातल्या माणसांना कोंडणार नाही, याची काळजी घेणे हे या सगळ्या कामातले सर्वांत जबाबदारीचे अंग आहे. दार आगीच्या बाजूला असेल तर खिडकी हाच उरलेला मार्ग असतो. झोपण्याच्या प्रत्येक खोलीत किमान एका खिडकीच्या ग्रिलला उघडणारे दार ठेवावे. अमेरिकेच्या निवासी इमारत संहितेत अशा संकटकाळच्या खिडकीसाठी किमान २० इंच रुंदी, २४ इंच उंची आणि एकूण ५.७ चौरस फूट मोकळी जागा सांगितली आहे, आणि तिच्यावरचे गज आतून किल्ली किंवा हत्याराशिवाय उघडले पाहिजेत अशी अट आहे. हे माप आणि ही अट आपल्याकडेही घालून घेण्यासारखी आहे.

उघडणाऱ्या ग्रिलची कडी बाहेरून हात पोहोचणार नाही अशा जागी असावी, किंवा तिच्याभोवती पत्र्याची पेटी करावी. कुलूपच लावायचे असेल तर त्याची किल्ली खिडकीतून हाताला न लागेल अशा, पण घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेल्या ठरलेल्या जागी टांगावी. ती अंधारात सापडते का आणि कुलूप गंजले नाही ना, हे वरचेवर पाहावे. वृद्ध आणि मुले यांनी ते दार स्वतः उघडून पाहिलेले असावे. लहान मुले असतील तर वरच्या मजल्यावर अशा दाराची कडी त्यांच्या हाताला सहज लागू देऊ नये.

उजेड, इशारा आणि परवानगी

भक्कम खिडकी चोराचा वेळ खाते. तो वेळ कोणाच्या तरी लक्षात आला तरच उपयोगी पडतो. खिडकीसमोरची झुडपे कमरेच्या खाली छाटावीत, भिंतीलगतच्या फांद्या तोडाव्यात, शिडी उघड्यावर ठेवू नये. पाइपांवर काटेरी पट्टा बसवावा. हालचाल ओळखून लागणारा दिवा मागच्या गल्लीकडे असावा. पल्ल्यावरचा चुंबकीय सेन्सर पल्ला उघडल्यावर इशारा देतो. कंपन ओळखणारा सेन्सर मात्र पल्ला उचकटत असतानाच, म्हणजे चोर अजून बाहेर असतानाच वाजतो, म्हणून तो अधिक उपयोगी. मे महिन्याची सुट्टी, दिवाळी आणि कोकणात गणपतीला जाण्याचे दिवस या काळात घरे ओळीने बंद असतात. तेव्हा शेजाऱ्याला कल्पना देऊन जाणे कोणत्याही उपकरणाइतकेच मोलाचे आहे. खिडकीशी संशयास्पद हालचाल दिसली तर स्वतः सामोरे न जाता ११२ क्रमांकावर फोन करावा.

काम सुरू करण्यापूर्वी परवानग्या पाहाव्यात. सहकारी गृहनिर्माण संस्थेत बाहेरून दिसणाऱ्या ग्रिलसाठी संस्थेची संमती घ्यावी. पागडीच्या घरात घरमालकाची. वारसा यादीतल्या इमारतीचे दर्शनी रूप बदलण्यापूर्वी स्थानिक वारसा समितीची मान्यता लागते. गोव्यातल्या जुन्या घरांत शिंपल्यांच्या पातळ पारदर्शक चकत्या लाकडी जाळीत बसवलेल्या खिडक्या आजही आहेत. अशा खिडक्यांना ड्रिल लावणे म्हणजे न भरून येणारे नुकसान. तिथे मूळ पल्ले जसेच्या तसे ठेवून आतल्या बाजूला भिंतीत स्वतंत्र ग्रिल उभे करावे. वेल्डिंग करताना काचा झाकाव्यात, कारण ठिणग्या काचेवर चिकटून खड्डे पाडतात, आणि कोरड्या जुन्या लाकडाजवळ पाण्याची बादली हाताशी ठेवावी.

कामाचा क्रम

सगळे एकदम करणे परवडत नसेल तर क्रम असा ठेवावा. आधी बिनखर्चाचे: रात्री दाराशेजारची खिडकी बंद ठेवणे, किल्ल्या आणि मोबाइल खिडकीपासून दूर ठेवणे, सरकत्या पल्ल्यामागे दांडा टाकणे. मग स्वस्तातले: लांब स्क्रू, दोन कड्या, बिजागरीकडच्या खुंट्या, बाहेरच्या स्क्रूंचा बंदोबस्त, दाराजवळची जाळी. त्यानंतर चौकटीची दुरुस्ती आणि गजांना आडव्या पट्ट्या, सोबत बाहेर पडण्याचे दार. आडवाटा याच टप्प्यात बुजवाव्यात. लॅमिनेटेड काच आणि सेन्सर सर्वांत शेवटी. हाताशी येणाऱ्या खिडक्या आधी, उंचावरच्या नंतर.

पुढे दर वर्षी पावसाळ्याआधी गजांची मुळे आणि चौकटीचे तळ तपासावेत, कड्या-बिजागऱ्यांना तेल द्यावे, सैल स्क्रू आवळावेत आणि ग्रिलचे दार उघडून-मिटून पाहावे. पावसाळ्यानंतर लाकूड फुगून पल्ला घट्ट झाला असेल तर तो रंधून घ्यावा. नीट मिटत नसलेल्या पल्ल्याची कडी लावायची लोक हळूहळू सोडून देतात, आणि कडी न लावलेली खिडकी कितीही भक्कम असली तरी ती उघडीच असते.